झाकली मूठ आणि मंडळीची साक्ष : अशा वेळी आशा कशी धरावी?

प्रश्न : शब्बाथ शाळेची शिक्षिका, कोल्हापूर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

गेली एकवीस वर्षे मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळेचा (रविवारी मुलांना शास्त्र शिकवण्याचा) वर्ग घेत आहे. माझ्या आजीचा बाप्तिस्मा याच मंडळीत झाला आणि माझ्या मुलाचे दृढीकरणही याच वेदीपुढे झाले. मंडळी कोणती ते मी लिहिणार नाही आणि वाचकांनीही अंदाज बांधू नयेत, अशी विनंती आहे. १८५२ मध्ये मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले, तेव्हापासून या जिल्ह्यात सुवार्तेचे काम चालले आहे आणि लहानमोठ्या मंडळ्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक, एवढेच समजावे.

२०१९ च्या पुरातून लोक सावरतात न सावरतात तोच जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा घरांत शिरली. त्या वेळी आम्ही नेहमीच्या अर्पणाशिवाय वेगळा निधी जमवला. बायकांच्या मंडळाने घरोघर फिरून पैसे गोळा केले, मुंबई-पुण्याच्या नातलगांनी पाठवले आणि एका विधवा बाईंनी भिशीचे आलेले सगळे पैसे आणून दिले. नदीकाठच्या कुटुंबांना भांडी, अंथरूण-पांघरूण आणि पडलेल्या भिंतींची डागडुजी, असे त्या निधीचे ठरलेले काम होते. काही वाटप झाले. उरलेल्या रकमेचा हिशेब मात्र प्रत्येक वार्षिक सभेत ‘पुढच्या सभेत ठेवू’ असे म्हणून पुढे ढकलला गेला. गेल्या वर्षी असे उघड झाले, की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळातल्या एका पंचांनी त्यातली बरीचशी रक्कम स्वतःच्या घराच्या कामाला वापरली होती. पंचमंडळापुढे त्यांनी ते कबूलही केले. ते हळूहळू पैसे परत करतील आणि मंडळीत याची वाच्यता होऊ नये, असे पंचमंडळाने ठरवले. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीची थाळी घेऊन आजही तेच आमच्यासमोर येतात.

मी विचारणा केली तेव्हा मला तीन उत्तरे मिळाली. देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नये, हे पहिले. गहू आणि निदण (पिकातले तण) कापणीपर्यंत बरोबरच वाढू द्यावे, असे प्रभूनेच सांगितले आहे, हे दुसरे. तिसरे उत्तर असे, की आपण या जिल्ह्यात मूठभर लोक आहोत, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बाहेरच्यांच्या हाती आपणच कोलीत का द्यावे? पहिल्या दोन उत्तरांनी माझे समाधान झाले नाही, पण तिसऱ्याने मला गप्प केले, कारण त्यातली भीती खोटी नाही.

माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. पुरात कमरेएवढ्या पाण्यातून त्याने लोकांचे सामान वाहिले होते. आता तो उपासनेला येत नाही. एकदा तो मला म्हणाला, ‘आई, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका अशा पातळ्या ठरलेल्या आहेत. तुमच्या मंडळीत पाणी कुठवर चढले म्हणजे धोका म्हणायचा?’ ‘तुमच्या मंडळीत’ हा शब्द मला जास्त लागला.

गेल्या रविवारी वर्गात जक्कय या जकातदाराचा धडा होता. लुबाडलेले चौपट परत देईन, असे त्याने सर्वांसमोर उभे राहून सांगितले, हे वाक्य मुलांकडून म्हणून घेताना माझा आवाज अडखळला. त्या हातांतून प्रभुभोजन घ्यावे की नाही, हा वर्ग मी कोणत्या तोंडाने चालवावा, आणि ‘आशा धरा, देव बघून घेईल’ असे मला सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ केवळ गप्प राहा एवढाच आहे काय, हे कोणी जाणत्याने सांगावे.

उत्तर १ : निवृत्त पाळक, मिरज

ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. चाळीस वर्षांच्या सेवेत मीही एकदा असाच एक हिशेब ‘प्रेमाने’ झाकायला संमती दिली होती. म्हणून माझे बोलणे न्यायासनावरून येत आहे, असे समजू नका.

आपल्याला ज्या वचनांनी गप्प करण्यात आले, ती वचने आधी उघडून पाहू. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वाक्य १०५ व्या स्तोत्रात आहे. तेथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब. ते संख्येने थोडे आणि परक्या देशात उपरे होते, आणि ही ताकीद देव राजांना देतो आहे. दुबळ्यांच्या रक्षणासाठी आलेले वचन अधिकारी माणसाने स्वतःची ढाल म्हणून वापरावे, यापरता उलटा अर्थ क्वचितच लावला गेला असेल. दावीदानेही, जिवावर उठलेल्या अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही हे खरे; पण गुहेबाहेर येऊन, कापून घेतलेला झग्याचा काठ उंच धरून, त्याने शौलाचा अन्याय दोन्ही सैन्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला, हा पुढचा भाग आपल्या उपदेशांत सहसा येत नाही.

निदणाच्या दाखल्याचा अर्थ तर प्रभूने स्वतःच सांगून ठेवला आहे आणि त्यात शेत म्हणजे जग आहे, मंडळी नव्हे. जगातून दुष्टांना उपटून काढण्याची घाई शिष्यांनी करू नये, असा त्याचा रोख आहे. मंडळीत भावाचा अपराध झाला तर काय करावे, हे मत्तयाच्या त्याच शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात वेगळे सांगितले आहे : आधी एकांतात, मग दोघातिघांसमक्ष आणि तरी ऐकले नाही तर मंडळीला. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या झाल्या आणि तिसरीपाशी दार लावून घेतले गेले.

आता कोलीत. ही भीती मी हलकी मानत नाही, कारण अल्पसंख्य समाजाची एक चूक शंभर तोंडांनी सांगितली जाते. तरीही प्रेषितांची कृत्ये यातला सहावा अध्याय पाहा. यरुशलेमातली मंडळी तेव्हा किती लहान आणि तिच्यावर केवढे डोळे रोखलेले! रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. म्हणजे तेथेही प्रश्न मदतीच्या वाटपाचाच होता. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावून तो त्यांच्यापुढे मांडला आणि त्या कामासाठी नावाजलेली सात माणसे निवडायला सांगितले. निवडलेल्या सातांची नावे ग्रीक आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. देवाचे वचन पसरत गेले, हे वाक्य त्या प्रकरणाच्या लगेच पुढे येते. जवळचे उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे घ्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी व्यवस्थेखाली स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणवणारे होते आणि रमाबाईंच्या धर्मांतरावर आधीच टीका होत होती. कोलिताची भीती त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला असेल. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला शास्त्राचा आधार काढून देणारे ख्रिस्ती होते, तसे तो आधार खोटा ठरवणारेही ख्रिस्तीच होते. तेथल्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने १९८२ मध्ये बेलहार येथे आपला विश्वासांगीकार (आपण काय मानतो याची जाहीर कबुली) मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला.

प्रभुभोजनाविषयी आपले मन शांत असू द्या. हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत फार कडवटपणे लढला गेला. ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात काही पाळकांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. अशांच्या हातचे संस्कार व्यर्थ होत, असे दोनातपंथी, म्हणजे त्यावरून वेगळे झालेले ख्रिस्ती, म्हणू लागले. संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या लायकीवर तो अवलंबून नाही, असे बिशप ऑगस्टीनने त्यांना उत्तर दिले आणि मंडळीने तेच धरून ठेवले. भाकर आपल्याला ख्रिस्त देतो. थाळी कोणी धरली याने ती नासत नाही. परंतु या उत्तरातून थाळी धरणाऱ्याने त्या जागी उभेच राहावे, असा निष्कर्ष निघत नाही. तो ऑगस्टीनच्या नावावर खपवण्याची लबाडी मी पंचमंडळांच्या बैठकांत पाहिली आहे.

राहिली आशा, आणि मला मुख्यतः तिच्याविषयीच लिहायचे आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय आज रात्री वाचा. यरुशलेमाला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. नगर पडणार, असे खरे बोलल्याबद्दल सिद्कीया राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवले आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथ येथले शेत विकत घे, असे त्याला सांगतो. जमिनीचा भाव शून्यावर आलेला असताना यिर्मया १७ शेकेल रुपे तोलून देतो, खत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि मोहोर केलेली व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या मडक्यात ठेववतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. पुराचा इशारा झाला की सातबारा आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे मडके वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ज्या घरात पाणी शिरणारच आहे, त्याच घराचे कागद आपण जपतो.

मला या अध्यायात दोन गोष्टी दिसतात. नगर वाचेल, असे यिर्मया एकदाही म्हणत नाही. सगळे ठीक होईल, असे सांगणारे संदेष्टे त्या काळी पुष्कळ होते आणि ते खोटे ठरले. दुसरी गोष्ट अशी, की व्यवहार पूर्ण झाल्यावर तो देवापुढे जातो आणि ‘नगर शत्रूच्या हाती चालले असताना शेत घ्यायला मला का सांगितलेस’ अशा अर्थाची प्रार्थना करतो. शंका फिटल्यावर त्याने पैसे तोलले असे नाही; पैसे तोलून झाले तेव्हाही शंका त्याच्याजवळ होतीच. म्हणून आपला आवाज जक्कयाच्या धड्यापाशी अडखळला, याची लाज वाटून घेऊ नका. तो वर्ग सोडूही नका. त्या मुलांच्या हाती खरा धडा देणे हेच आपले अनाथोथचे शेत आहे, असे मला वाटते.

उत्तर २ : मंडळी सोडलेला एक, पुणे

पाळकसाहेबांच्या विद्वत्तेचा मान राखून मी मतभेद नोंदवतो. अशाच एका प्रकरणात मी चार वर्षे एकांतात, दोघातिघांसमक्ष आणि मंडळीसमोर, अशा सर्व पायऱ्या चढलो. शेवटी अपहार करणारे पंच जागेवर राहिले आणि ‘फूट पाडणारा’ हा शिक्का माझ्या कपाळी आला. आज मी घरी प्रार्थना करतो, शास्त्र वाचतो आणि माझा विश्वास पूर्वीपेक्षा शांत आहे. ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारलाच ना? ताईंच्या मुलाला परत आणण्याचा खटाटोप करण्याआधी तो ज्या कारणाने गेला, ते कारण योग्य आहे एवढे तरी त्याला कोणीतरी सांगावे.

उत्तर ३ : हिशेबनीस, इचलकरंजी

मी धर्मशास्त्री नाही. तीस वर्षे संस्थांचे हिशेब लिहिण्यात गेली, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

मंडळीचा न्यास नोंदलेला असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० त्याला लागू आहे. दरवर्षी हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घेणे आणि ते धर्मादाय कार्यालयात सादर करणे बंधनकारक आहे. विशिष्ट कामासाठी जमवलेला निधी त्याच कामाला लागला पाहिजे आणि त्याची खतावणी वेगळी असली पाहिजे. आपण मंडळीच्या सभासद आहात, म्हणजे हितसंबंध असलेली व्यक्ती या नात्याने आपल्याला चौकशीचा अर्ज करता येतो. मात्र तेथे पहिल्या दिवशी जाऊ नये. प्रथम चिटणिसांना लेखी पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि पत्रात कोणावरही आरोप न करता फक्त तीन आकडे मागावेत : जमले किती, वाटले किती, शिल्लक कोठे आहे. आरोपाचे पत्र फाडून टाकता येते, आकडे मागणाऱ्या पत्राला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते.

विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये, हे प्रेषित पौलाचे वचन आपल्याला नक्की ऐकवले जाईल. तेथे विषय दोन भावांच्या आपसातल्या व्यवहाराचा आहे. हे पैसे पूरग्रस्तांचे आहेत. आणि गरज पडली तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागणारा पौल हाच होता.

शास्त्रात हिशेबाविषयी काही नाही, असे समजणाऱ्या खजिनदारांसाठी थोडे विषयांतर करतो. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीसाठी येणारे पैसे याजकांकडे जात होते आणि राज्याच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती काही झालेली नव्हती. मग यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस व प्रमुख याजक असे दोघे मिळून पैसे मोजू लागले. आपल्या दानपेटीला दोन किल्ल्या असाव्यात, हा नियम इतका जुना आहे. त्याच अध्यायात पुढे, कामकऱ्यांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसे देत त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानाने वागत, असे एक वाक्य आहे. एका विश्वस्तांनी ते मला मोठ्या आनंदाने दाखवले होते. त्यांना मी एवढेच म्हटले, की साहेब, ही सवलत कामावर देखरेख करणाऱ्यांना आहे, पेटी मोजणाऱ्यांना नाही. पौल यरुशलेमासाठी वर्गणी नेत होता, तेव्हा त्यानेही बरोबर इतरांना घेतले आणि प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही चांगले ते करण्याची आपण काळजी घेतो, असे करिंथकरांना लिहिले. आणि बारा शिष्यांची पैशांची डबी विश्वासघात करणाऱ्या यहूदाजवळ असे, ते योहानाने लिहून ठेवलेलेच आहे.

परतफेडीबद्दल एक सूचना. ‘हळूहळू परत करतील’ याला हिशेबात काही अर्थ नाही. किती हप्ते, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे लिहून घ्यावे. त्या पंचांवरही हाच उपकार आहे. लेखी हप्ते फेडलेला माणूस एक दिवस मोकळा होतो, तोंडी कर्जाचा माणूस मरेपर्यंत संशयितच राहतो.

उत्तर ४ : निवृत्त पाळक, मिरज

पुण्याच्या बंधूंना : ताईंच्या मुलाखातर आपण जे शेवटचे वाक्य लिहिले, ते माझ्या उत्तरात असायला हवे होते. माझ्याकडून ते राहून गेले.

टिळकांविषयी मात्र थोडे सांगू द्या. त्यांनी सोडला तो मिशनचा पगार. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यांनी एकत्र बोलावले. म्हणजे ते एका घरातून निघाले ते मोठ्या अंगणाकडे, एकांताकडे नव्हे. १९१९ मध्ये ते गेले, त्यामुळे त्या अंगणाचे पुढे काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. आपल्याला एकटे का राहावे लागले, हे मी समजू शकतो आणि त्याचा दोष आपल्यावर टाकणार नाही. मिरजेस कधी आलात तर माझ्याकडे चहाला या. उपासनेला चला, असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : शब्बाथ शाळेची शिक्षिका, कोल्हापूर

सर्वांची ऋणी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण त्या काळात पत्र लिहिले जात होते.

पत्रात फक्त तीन आकडे मागितले आहेत. माझ्याशिवाय बायकांच्या मंडळातल्या चौघींनी सह्या केल्या. भिशीचे पैसे देणाऱ्या बाईंनी सही करण्यापूर्वी, ‘यात त्याच्या बायकोचे नाव कुठे येणार नाही ना?’ एवढेच विचारले. पंचांची पत्नी आमच्याबरोबर कॉयरमध्ये गाते, हे मी स्वतःच्या रागात विसरले होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन पत्र देणार असल्याचे तिला सांगून आले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग, मला हे पुराच्या वर्षापासून माहीत होते, असे म्हणाली.

चिटणिसांनी पोच दिली, पण पाणी पिण्यासही सांगितले नाही. आता काही घरांत माझ्याशी बोलणे बंद झाले आहे, हे पुण्याच्या बंधूंना मुद्दाम कळवते. आपण लिहिले त्यातले बरेचसे घडू लागले आहे.

यिर्मयाचा तो अध्याय मी मुलाला वाचायला दिला नाही. पत्राचा कच्चा मसुदा मात्र टाइप करायला दिला. त्याने तो टाइप केला, माझी दोन वाक्ये ‘हा आरोप होतो’ म्हणून गाळली आणि निधीला त्याने स्वतः दिलेल्या पाचशे रुपयांची पावती त्याच्या कपाटातून काढून पत्रासोबत जोडायला दिली. ती त्याने इतकी वर्षे का ठेवली होती, हे मी विचारले नाही. रविवारी तो उपासनेला आला नाही. माझा वर्ग चालू आहे आणि येत्या रविवारचा धडा हबक्कूक संदेष्ट्याचा आहे. ‘परमेश्वरा, किती वेळ?’ असा प्रश्न त्याने पहिल्याच अध्यायात विचारला आहे, तो या वेळी मी घाईने ओलांडणार नाही.

हिशेबनीस साहेबांना एक विचारायचे आहे. चिटणीस पासबुकाची प्रत देऊ म्हणतात. ती पुरेशी आहे काय?

उत्तर ५ : हिशेबनीस, इचलकरंजी

पुरेशी नाही. जुलै २०२१ पासून आजपर्यंतचे बँकेचे शिक्क्यासह स्टेटमेंट मागावे. रोखीने जमलेल्या पैशांसाठी पावतीपुस्तकांची स्थळप्रत (पुस्तकात उरणारी पावतीची नक्कल) पाहायला मागावी आणि पुस्तकांचे अनुक्रमांक सलग आहेत की मधले एखादे गहाळ आहे, ते आधी तपासावे. आपल्या चिरंजीवांच्या पावतीचा क्रमांक टिपून ठेवा. सुरुवात तिथूनच करता येईल.